दुचाकीस्वारांसाठी घरगुती इशारा-दीपफलक : तत्त्व, रचना व चांदूर बाजार परिसराचा संदर्भ

प्रास्ताविक

अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार हा तालुका संत्र्याच्या बागांचा आणि काळ्या कापसाच्या मातीचा. शिरजगाव कसबा, करजगाव, ब्राह्मणवाडा थडी, घाटलाडकी, तळवेल, आसेगाव या गावांतून तालुक्याच्या ठिकाणी येणारा शेतकरी, शिक्षक, दूधविक्रेता आणि विद्यार्थी यांचे मुख्य वाहन आज दुचाकी हेच आहे. या रस्त्यांवर एक दृश्य नेहमी पाहावयास मिळते. समोरून येणारा अनोळखी मनुष्य हाताची बोटे उघडझाप करून दाखवितो. त्याचा अर्थ, तुमचा दिवा दिवसाढवळ्या चालू आहे. पानठेल्यावर उभा असलेला कोणी 'ओ भाऊ, ष्टँड!' असे ओरडतो; त्याचा अर्थ, बाजूचा स्टँड वर न घेताच गाडी निघाली आहे. वाहनाने स्वतः जी सूचना द्यावयास हवी, ती येथे रस्त्यावरचा समाज देत असतो. या व्यवस्थेचे मोल कमी नाही. मात्र ती दिवसा चालते, गावात चालते, आणि रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यावर संपुष्टात येते.

पहिल्या खुणेबाबत एक गंमत नमूद करण्यासारखी आहे. १ एप्रिल २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असताना आपोआप पेटलेला राहतो व तो बंद करण्याचे बटणच ठेवलेले नाही. त्यामुळे बोटांच्या त्या खुणेला आता फारसा अर्थ उरलेला नाही. तरीही ती अनेक वर्षे टिकून राहिली. इशारा आणि ज्याविषयी तो द्यावयाचा ती वस्तुस्थिती यांची फारकत झाली की इशाऱ्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागते. दीपफलकाची रचना करताना हीच गोष्ट सर्वाधिक ध्यानात ठेवावी लागते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. या मृतांत दुचाकीवरील व्यक्तींचे प्रमाण ४४.५ टक्के होते. यांतील बहुसंख्य अपघातांची कारणे वेग, रस्ता, शिरस्त्राणाचा अभाव अशी असतात आणि एखादा दीपफलक त्यांवर उपाय ठरू शकत नाही, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. दुचाकीतील काही दोष असे असतात की ते चालकाला जागेवर बसून दिसतच नाहीत. असे दोष त्याच्या नजरेसमोर आणणारा, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तयार होऊ शकणारा आणि काही शे रुपयांच्या सुट्या भागांतून उभा राहणारा फलक कसा असावा, त्यामागील भौतिकशास्त्र काय आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन येथे केले आहे.

चालकाला न दिसणाऱ्या तीन गोष्टी

दुचाकीच्या चालकाला पुढचा दिवा चालू आहे की नाही हे रस्त्यावरील उजेडावरून कळते. इंजिनाचा बिघाड आवाजावरून कळतो, चाकातील हवा कमी झाल्याचे हँडलच्या जडपणावरून जाणवते. परंतु तीन गोष्टी त्याच्या ज्ञानेंद्रियांच्या कक्षेबाहेर राहतात : बाजूच्या स्टँडची स्थिती, बॅटरीचा विद्युतदाब आणि मागचा दिवा.

यांपैकी तिसरी सर्वांत घातक आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या बहिरमची यात्रा २० डिसेंबरला सुरू होते आणि जानेवारीपर्यंत चालते. हंडीतील मटण व रोडग्यांचे जेवण आटोपून परतणाऱ्या दुचाकी रात्री परतवाड्याच्या व चांदूर बाजारच्या दिशेने निघतात, त्याच काळात संत्र्याने भरलेले मेटॅडोर आणि कापसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. अशा वेळी मागचा दिवा गेलेली दुचाकी मागून येणाऱ्या वाहनाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते; आणि तिच्या चालकाला मात्र आपण नेहमीसारखेच प्रकाशमान आहोत असे वाटत राहते. मागील तांबडा परावर्तक हा कायद्याने आवश्यक आहे, पण त्यावर चिखल बसला की त्याचाही उपयोग राहत नाही.

बाजूच्या स्टँडचा धोका यांत्रिक स्वरूपाचा आहे. तो गाडीच्या डाव्या अंगास असतो. डावीकडे वळताना गाडी डावीकडेच कलते. खाली राहिलेल्या स्टँडचे टोक रस्त्याला टेकते, मागच्या चाकावरील भार त्या टोकावर येतो, चाक उचलले जाते आणि गाडी वळणाच्या बाहेर फेकली जाते. सरळ रस्त्यावर दहा किलोमीटर काहीच घडत नाही आणि पहिल्या तीव्र डाव्या वळणावर सर्व घडते, हे या दोषाचे वैशिष्ट्य. अलीकडच्या अनेक दुचाकींत स्टँड खाली असताना इंजिन बंद पाडण्याची सोय असते. परंतु ग्रामीण भागात पंधरा-वीस वर्षे जुन्या दुचाकी सर्रास वापरात आहेत आणि हा लेख मुख्यतः त्यांनाच उद्देशून आहे.

विद्युतदाबाचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो; तो तसा नाही, याचे कारण पुढे येईल.

न पेटलेल्या दिव्याचा अर्थ

घरगुती बनावटीच्या इशारा-दिव्यांत आढळणारी मूलभूत चूक विद्युतमंडलाची नसून तर्काची असते. 'दोष असेल तर दिवा पेटेल' असे मंडल सहज तयार होते. पण दिवा पेटलेला नाही याचे दोन अर्थ संभवतात : एक, दोष नाही, दोन, दोष आहे, परंतु तार तुटली आहे. चालकाला या दोहोंतील फरक कळण्याचा मार्ग नसतो. किंबहुना बंद पडलेला इशारा-दिवा हा इशारा-दिवा नसण्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर मनुष्य स्वतः पाहणे सोडून देतो.

रेल्वेच्या जुन्या हातदार सिग्नलमध्ये या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी दिले गेले होते. केबिनमधून ओढली जाणारी तार तुटली तर वजनाच्या योगाने सिग्नलचा हात आपोआप 'धोका' या स्थितीला परत जाई. तार शाबूत असणे हीच 'मार्ग मोकळा' या संदेशाची अट होती. बिघाड झाल्यास सुरक्षित बाजूला कलणे असे या तत्त्वाचे वर्णन करता येईल. प्रस्तुत फलकातील स्टँडचा दिवा याच तत्त्वावर आहे. ब्रेकच्या दिव्यासाठी मात्र उलट मार्ग स्वीकारला आहे : तेथे दिवा पेटणे हीच सर्व ठीक असल्याची पावती आहे, आणि न पेटणे हा इशारा.

फलकावर दिवे केवळ तीनच ठेवावेत असा येथे आग्रह आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. फलकाकडे पाहून त्याचा अर्थ लावण्यात एक सेकंद गेला तर तेवढे अंतर न पाहता तोडले जाते. दिव्यांची संख्या वाढली की अर्थ लावण्याचा काळ वाढतो. हौशी विद्यार्थी तापमान, वेळ, पेट्रोल, वेग असे सर्व काही एका फलकावर आणू पाहतात; तो उत्साह प्रयोगशाळेत स्वागतार्ह असला तरी हँडलवर नाही. लाल-हिरव्या रंगांची गल्लत होणाऱ्या व्यक्ती पुरुषांत स्त्रियांपेक्षा बऱ्याच अधिक असतात, हेही ध्यानात घ्यावे. म्हणून रंगावर सर्वस्वी विसंबू नये. डावीकडे स्टँडचा तांबडा, मध्ये विद्युतदाबाचा पिवळा, उजवीकडे ब्रेकचा हिरवा असा स्थानक्रम कायम ठेवावा. स्टँड डाव्या बाजूस आणि पुढच्या ब्रेकची मूठ उजव्या हातात असल्याने हा क्रम लक्षात ठेवावा लागत नाही.

स्टँडचा दिवा

स्टँडची स्थिती ओळखण्यासाठी बटणाप्रमाणे दाबला जाणारा छोटा स्विच बसविणे हा सर्वांना सुचणारा उपाय. चांदूर बाजारच्या पावसाळ्यात तो टिकत नाही. काळी माती ओली झाली की चाकाला, चाकावरील पत्र्याला आणि स्टँडला थापल्यासारखी चिकटते व वाळल्यावर दगडासारखी घट्ट होते. उघड्या स्विचची हालचाल पहिल्या पावसातच अडते.

त्याऐवजी रीड स्विच वापरावा. बारीक काचनळीत लोहचुंबकीय धातूच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींपासून किंचित दूर बंदिस्त केलेल्या असतात. चुंबक जवळ आला की पट्ट्या परस्परांना आकर्षित करून चिकटतात व मंडल पूर्ण होते. १९३०च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विकसित झालेल्या या साधनात बाहेर काहीच हलत नसल्याने माती, पाणी यांचा त्यावर परिणाम होत नाही. स्टँड वर घेतल्यावर त्याचे टोक जेथे येते, त्याच्या समोर चौकटीवर रीड स्विच आणि स्टँडवर लहान चुंबक एम-सीलने पक्का करावा. दोहोंतील अंतर एक सेंटिमीटरपेक्षा कमी असावे, मात्र धक्क्यांनी ते एकमेकांवर आपटू नयेत. काचनळी ठिसूळ असल्यामुळे ती आधी प्लास्टिकच्या बारीक नळीत सिलिकोनने भरून घ्यावी. वऱ्हाडची काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली असून तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. त्यामुळे काही दिवसांत चुंबकावर काळ्या कणांची लव उगवलेली दिसते. कार्यात तिने बाधा येत नाही, पण गाडी धुताना ती पुसून टाकावी. विद्यार्थ्यांना स्थानिक भूशास्त्राचा हा पाठ विनासायास मिळतो.

मंडल पुढीलप्रमाणे आहे. बीसी-५४७ या ट्रान्झिस्टरचा बेस २२ किलोओहमच्या रोधकाने बॅटरीच्या धन बाजूस जोडावा आणि रीड स्विच बेस व ऋण बाजू यांच्यामध्ये ठेवावा. एमिटर ऋण बाजूस. कलेक्टर आणि धन बाजू यांच्या दरम्यान १.५ किलोओहमचा रोधक व तांबडा एलईडी. स्टँड वर असताना चुंबकामुळे रीड स्विच बंद असतो, बेस ऋण बाजूस जोडला जातो, ट्रान्झिस्टर वाहत नाही व एलईडी विझलेला राहतो. स्टँड खाली आला की रीड उघडतो, रोधकातून सुमारे अर्धा मिलिअँपिअर प्रवाह बेसमध्ये जातो आणि एलईडी पेटतो. चुंबक गळून पडला किंवा स्विचकडे जाणारी तार तुटली, तरीही रीड उघडल्याप्रमाणेच परिणाम होतो व दिवा पेटतो. सिग्नलच्या तुटलेल्या तारेचे तत्त्व ते हेच. शिवाय गाडी स्टँडवर उभी असताना किल्ली फिरविली की दिवा पेटतोच, म्हणजे एलईडी शाबूत असल्याची रोजची परीक्षा वेगळे काही न करता होते.

भर उन्हात एलईडी नजरेतून सुटण्याची शक्यता असल्याने आवाजाची जोड द्यावी असे वाटणे साहजिक आहे. पण स्टँडवर उभी करून इंजिन गरम करताना जर बझर सतत वाजू लागला, तर आठवडाभरात त्याची तार कापली जाईल. त्रासदायक इशाऱ्याचे आयुष्य अल्प असते. आवाज केवळ स्टँड खाली असताना गिअर पडला तरच झाला पाहिजे. यासाठी गाडीत आधीच असलेल्या न्यूट्रल दिव्याची तार उपयोगी पडते. गाडी न्यूट्रलमध्ये असताना ही तार इंजिनातील स्विचमधून ऋण बाजूस जोडलेली असते. गिअर पडताच तो स्विच उघडतो आणि न्यूट्रलच्या बल्बमधून या तारेवर बॅटरीचा दाब येतो. बझरचे धन टोक या तारेला आणि ऋण टोक वरील ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला जोडले की, गिअर पडलेला असणे व स्टँड खाली असणे या दोन्ही अटी पूर्ण झाल्यावरच तो वाजतो. बझरला लागणारा काही मिलिअँपिअर प्रवाह न्यूट्रलच्या बल्बमधून सहज मिळतो आणि तेवढ्याने तो बल्ब पेटत नाही. मात्र बझरच्या मालिकेत १एन-४१४८ हा डायोड घालणे विसरू नये. अन्यथा न्यूट्रलमध्ये स्टँड वर असताना तांबड्या एलईडीतून बझरमार्गे उलट प्रवाह वाहतो आणि दिवा मंदपणे पेटलेला राहतो. ज्या गाड्यांत न्यूट्रलचा दिवादेखील एलईडीचा आहे, तेथे ही युक्ती भरवशाची नाही. तेथे केवळ दिव्यावर समाधान मानावे.

विद्युतदाबाचा दिवा

बारा व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीचा दाब ती पूर्ण भारित व विश्रांत स्थितीत असताना १२.६ ते १२.८ व्होल्ट असतो. इंजिन चालू असताना रेग्युलेटर-रेक्टिफायर हा भाग तो १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान राखतो. हा भाग निकामी झाला तर दोहोंपैकी एक घडते : भारण थांबते आणि दाब १२ व्होल्टच्या खाली घसरत जातो, अथवा नियंत्रण सुटते आणि दाब १५ व्होल्टच्या वर जातो. दुसऱ्या प्रकारात बॅटरीतील पाणी उकळल्यासारखे आटते. त्याहून महत्त्वाचे असे की, तंतूच्या बल्बचे आयुष्य दाबाच्या साधारण बाराव्या ते चौदाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. दाब केवळ दहा टक्क्यांनी वाढला तरी आयुष्य तिसऱ्या ते चौथ्या हिश्श्यावर येते. मागच्या दिव्याचा बल्ब वारंवार जातो अशी तक्रार असलेल्या गाडीत पुष्कळदा दोष बल्बमध्ये नसतोच. चालक नवा बल्ब घालतो, तो काही दिवसांत जातो, आणि अखेरीस कंटाळून तसाच हिंडू लागतो. विद्युतदाबाचा पिवळा दिवा हा अशा रीतीने मागच्या दिव्याचाच रक्षक आहे.

यासाठी एलएम-३३९ हा तुलनाकारी एकात्मिक घटक वापरावा. एकाच आवरणात चार तुलनाकारी असून पदवी अभ्यासक्रमाच्या प्रयोगशाळेत तो परिचित आहे. त्याच्या दोन निविष्टींवरील दाबांची तो तुलना करतो आणि उलट निविष्टीवरील दाब अधिक असेल तर त्याचे निर्गम टोक ऋण बाजूस जोडले जाते. संदर्भदाबासाठी ५.१ व्होल्टचा झेनर डायोड १ किलोओहमच्या रोधकातून जोडावा. झेनर डायोडचा दाब तापमानानुसार बदलतो, परंतु पाच ते साडेपाच व्होल्टच्या आसपासच्या झेनरमध्ये हा बदल अत्यल्प असतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात या निवडीला अर्थ आहे.

बॅटरीच्या दाबाचे विभाजन करण्यासाठी दोन विभाजक लागतात. दोहोंत खालचा रोधक १० किलोओहमचा. १२ व्होल्टला मध्यबिंदूवर ५.१ व्होल्ट मिळावेत यासाठी वरचा रोधक सुमारे १३.५ किलोओहमचा, तर १५ व्होल्टसाठी सुमारे १९.४ किलोओहमचा हवा. पहिल्या ठिकाणी १० किलोओहमचा आणि दुसऱ्या ठिकाणी १५ किलोओहमचा स्थिर रोधक घेऊन त्यांच्या मालिकेत प्रत्येकी १० किलोओहमचा प्रीसेट ठेवावा. पहिल्या तुलनाकाऱ्यात संदर्भ उलट निविष्टीला व विभाजक सुलट निविष्टीला. दुसऱ्यात याच्या विरुद्ध. एलएम-३३९ची निर्गम टोके केवळ ऋण बाजूस ओढणारी असल्याने ती एकत्र जोडता येतात. त्यामुळे दाब अपुरा असो वा अतिरिक्त, एकच पिवळा एलईडी २.२ किलोओहमच्या रोधकातून पेटतो. दोन स्वतंत्र दिवे का नाहीत, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. दोन्ही प्रसंगी चालकाने करावयाची कृती एकच आहे : मेकॅनिककडे जाणे. कोणता दोष हे मेकॅनिक मीटर लावून पाहीलच. न वापरलेल्या दोन तुलनाकाऱ्यांच्या निविष्टी ऋण बाजूस जोडून ठेवाव्यात.

स्टार्टरचे बटण दाबताच बॅटरीचा दाब क्षणभर पुष्कळ खाली येतो व पिवळा दिवा चमकून जातो. हा दोष मानू नये. ही त्या दिव्याची परीक्षाच होय. मात्र मंद गतीत इंजिन धडधडत असताना तो लुकलुकू नये म्हणून अपुऱ्या दाबाच्या विभाजकातील खालच्या रोधकाला समांतर १०० मायक्रोफॅरडचे धारित्र जोडावे. त्यायोगे सुमारे अर्ध्या सेकंदाहून कमी काळाचे चढउतार गाळले जातात. प्रीसेटची जुळणी गाडीवर न करता प्रयोगशाळेतील बदलत्या दाबाच्या वीजपुरवठ्यावर करावी आणि नंतर प्रीसेटवर लाखेचा अथवा नेलपॉलिशचा थेंब टाकून तो स्थिर करावा, अन्यथा खड्ड्यांच्या रस्त्यावर जुळणी सरकते.

ब्रेकचा आणि मागचा दिवा

जुन्या दुचाकीत मागील बल्बमध्ये दोन तंतू असतात : सतत पेटणारा ५ वॅटचा आणि ब्रेक दाबल्यावर पेटणारा २१ वॅटचा. १२ व्होल्टला त्यांतून अनुक्रमे सुमारे ०.४२ व १.७५ अँपिअर प्रवाह वाहतो. हा प्रवाह खरोखर वाहत आहे काय, हे ओळखणे म्हणजे तंतू शाबूत आहे काय हे ओळखणे. बल्बवरील दाब मोजून हे कळत नाही, कारण तंतू तुटला तरी तारेवर दाब असतोच.

येथेही रीड स्विच उपयोगी पडतो, पण चुंबकाशिवाय. रीडच्या काचनळीभोवती तांब्याच्या तारेचे वेढे घालून ती तार दिव्याच्या मालिकेत जोडली की वाहणारा प्रवाह स्वतःच चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. सामान्य रीड स्विच २० ते ३० अँपिअर-वेढ्यांना बंद होतो. १.७५ अँपिअरला १५ वेढे घातले की २६ अँपिअर-वेढे होतात. वेढे १ मिलिमीटर जाडीच्या इनॅमल तारेचे घ्यावेत, म्हणजे दाबाची घट नगण्य राहते. प्रत्येक रीडची संवेदनशीलता थोडी वेगळी असल्याने नेमके वेढे प्रयोगानेच ठरवावेत. अँपिअर-वेढा ही संकल्पना शिकविण्यासाठी याहून चांगला प्रयोग क्वचितच सापडेल. बंद झालेला रीड १.५ किलोओहमच्या रोधकातून हिरवा एलईडी पेटवितो. ब्रेक दाबला आणि हिरवा दिवा पेटला, म्हणजे मागे ब्रेकचा दिवा पेटला. चौकात थांबताना चालकाला ही पावती आपोआप मिळत राहते.

५ वॅटच्या तंतूसाठी ६० वेढ्यांनी हाच परिणाम साधता येईल. परंतु अनेक जुन्या गाड्यांत पुढचा व मागचा दिवा बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटोच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतो. इंजिनाचा वेग वाढला की पुढचा उजेड वाढतो, ही त्याची खूण. अशा प्रवाहात रीड थरथरत राहतो आणि लवकर झिजतो. मध्ये रेक्टिफायर घातला तर दाब घटून मागचा दिवाच मंद होतो, जे मूळ हेतूच्या विरुद्ध आहे. म्हणून या गाड्यांत केवळ ब्रेकच्या तंतूवर लक्ष ठेवावे. तो दिवा सामान्यतः बॅटरीवर असतो. एक तंतू शाबूत असल्याने दुसरा शाबूत आहे असे सिद्ध होत नाही, ही या रचनेची उघड उणीव आहे व ती चालकाला सांगितली पाहिजे. रात्री निघण्यापूर्वी मागे वाकून पाहणे त्यामुळे टळत नाही. बल्ब काढून एलईडीचा दिवा बसविलेला असल्यास प्रवाह अत्यल्प असल्याने हा उपाय चालणार नाही.

आणखी एक गोष्ट लपवून ठेवू नये. स्टँडचा आणि विद्युतदाबाचा दिवा गाडीच्या मूळ तारांची केवळ 'वाचणी' करतात. रीडवरील वेढे मात्र ब्रेकच्या दिव्याच्या मार्गातच बसतात. तेथील जोड सैल झाला तर ज्या दिव्याची राखण करावयाची तोच विझतो. हा जोड केवळ पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला नसावा. डाग देऊन त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी.

बांधणी

फलकाला वीज किल्लीनंतरच्या बॅटरीच्या तारेतून घ्यावी, पुढच्या दिव्याच्या तारेतून नव्हे. मार्गात अर्ध्या अँपिअरचा फ्यूज आणि १एन-४००७ डायोड असावा. विभाजकांची जोडणी मात्र डायोडच्या अलीकडे करावी, नाहीतर डायोडवरील ०.७ व्होल्टची घट मोजमापात शिरते. संपूर्ण फलकाला लागणारा प्रवाह २० ते ३० मिलिअँपिअरच्या घरात राहतो. ३५ वॅटच्या पुढच्या दिव्याच्या तुलनेत हा सुमारे शंभरावा भाग आहे.

उन्हाळ्यात अमरावती जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो व उन्हात उभ्या गाडीवरील काळी डबी त्याहून बरीच तापते. एलएम-३३९ हा ७० अंशांपर्यंतच्या वापरासाठी आहे. त्याच जोडणीचा एलएम-२९०१ अधिक तापमान सोसतो व किमतीत विशेष फरक नसतो, म्हणून शक्यतो तोच घ्यावा. धारित्र १०५ अंशांचे घ्यावे. ग्लू गनचा गोंद मे महिन्यात मऊ होऊन सुटतो, सिलिकोन वापरावे. एकात्मिक घटकासाठी सॉकेट न ठेवता तो थेट डाग देऊन बसवावा, तारा एकपदरी न घेता अनेकपदरी घ्याव्यात आणि मंडलाच्या पट्टीवर पारदर्शक नेलपॉलिशचा हात फिरवावा. आवरण म्हणून झाकणाची साबणाची डबी पुरते.

सध्या मायक्रोकंट्रोलर स्वस्त झाले आहेत. इटलीतील इव्हरीया येथे २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला आर्डुइनो आज तालुक्याच्या ठिकाणीही मागविता येतो. वळण संपल्यावरही चालू राहिलेल्या इंडिकेटरच्या चमका मोजून अर्ध्या मिनिटाने आठवण देणे, यासाठी तो योग्यच आहे. धारित्र-रोधकाने तेवढा काळ मोजू गेल्यास उष्णतेने धारित्राची गळती वाढून काळ बदलत राहतो. परंतु वरील तीन दिव्यांसाठी संगणक आज्ञावलीची गरज नाही. एका ट्रान्झिस्टरचा दोष गावातील रेडिओ दुरुस्त करणारा कारागीरही शोधू शकतो, आज्ञावलीतील दोष नाही.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरबदल करता येत नाही. चालकाकडे तोंड असलेला लहान फलक या वर्गात मोडू नये, तथापि दोन पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ प्रमाणे वाहनाच्या पुढील बाजूस तांबडा प्रकाश दिसता कामा नये आणि मागील बाजूस, इंडिकेटरसारखे अपवाद वगळता, तांबड्याखेरीज अन्य प्रकाश दिसता कामा नये. म्हणून तिन्ही एलईडी खोल नळीत, फक्त चालकालाच दिसतील असे बसवावेत. जुन्या स्केच पेनच्या नळीचा दोन सेंटिमीटरचा तुकडा यासाठी उत्तम. त्याच नळीमुळे दुपारच्या उन्हातही दिवा ठळक दिसतो. चाकाभोवती आणि नंबरपाटीवर रंगीबेरंगी एलईडीच्या माळा लावण्याची जी पद्धत यात्रेच्या दिवसांत दिसते, ती सुरक्षिततेच्या नावाखाली खपविली जात असली तरी या नियमात बसत नाही, आणि मागून येणाऱ्याला ब्रेकचा दिवा ओळखणे त्यामुळे कठीणच होते.

दुसरे पथ्य नव्या गाड्यांविषयी आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांच्या दुचाकींत इंजिनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असून दोष दर्शविणारा दिवा उत्पादकानेच दिलेला असतो. अशा गाडीच्या तारांत छेद देऊन काहीही जोडू नये. त्या गाड्यांच्या बाबतीत करावयाचे काम वेगळे आहे : फलकावर पेटणाऱ्या त्या पिवळ्या इंजिनाकृती चिन्हाचा अर्थ चालकाला माहीत असणे. दुचाकी घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयाच्या वाहनतळावर तो अर्थ एकदा विचारून पाहावा, आणि त्याच वेळी प्रत्येक गाडीचा ब्रेक दाबून मागचा दिवा पेटतो की नाही याची नोंद घ्यावी. एका दुपारचे हे काम आहे. कोणत्या गाड्यांवर हा फलक आधी बसवावा, याची यादी त्यातूनच तयार होते.